सांधा ढिला ठेवण्याचा निर्णय : वास्तुविशारद गेगो यांच्या जाळीचा प्रकरण अभ्यास

1969 च्या जूनमध्ये व्हेनेझुएलाची राजधानी काराकास इथल्या ललित कला संग्रहालयातली एक खोली तारांच्या जाळ्यांनी भरली. धातूच्या तारांचे त्रिकोण एकमेकांत अडकवून केलेली ती जाळी छताला आणि भिंतींना टांगलेली होती. कुठे ती फुगली होती, कुठे लोंबत होती, कुठे कोपऱ्यात गोळा झाली होती. लांब उभं राहून बघून परत फिरावं असं ते काम नव्हतं, त्याच्या आत शिरावं लागे. त्याला नाव मिळालं 'रेतिकुलारेआ'. ते करणाऱ्या बाई तेव्हा 56 वर्षांच्या होत्या आणि जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाची वास्तुकला आणि अभियांत्रिकीची पदविका त्यांच्याकडे होती. त्यांचं नाव गेर्ट्रूड गोल्डश्मिट. नाव आणि आडनाव यांची पहिली अक्षरं जोडून त्या स्वतःला गेगो म्हणवत, आणि कलेच्या जगात त्या याच नावाने ओळखल्या जातात.

या अभ्यासात मी गेगोंचं सगळं काम घेत नाही. मला एकच निर्णय तपासायचा आहे. 1957 पासून 1969 पर्यंतची जवळजवळ बारा वर्षं त्यांची धातूची कामं वेल्डिंगने जोडलेली होती : दांडे सरळ, अंतरं मोजलेली, सांधा पक्का. 1969 च्या जाळीत वेल्डिंग गेलं. तारेचं एक टोक वळवायचं, दुसऱ्या तारेच्या फासात अडकवायचं, पक्कड घेऊन दाबायचं. सांधा तिथे राहतो, पण हलतो. ज्यांना पक्के सांधे काढायला शिकवलं गेलं, आणि ज्या पुढे स्वतः वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवत होत्या, त्यांनी हे का केलं असेल? आणि त्यातून नेमकं काय बदललं?

प्रश्न आजचाही आहे. आपल्याकडे आर्किटेक्चर सोडून चित्रांकडे वळलेले, किंवा दोन्ही सांभाळणारे बरेच जण आहेत. कॅनव्हासवर टेक्स्चर पेस्ट, चुना, सिमेंट, पुट्टी, गोणपाट चढवून केलेली अमूर्त कामं ते दाखवतात आणि 'अपूर्णता स्वीकारली' असं त्याबद्दल म्हणतात. यातली काही कामं मला मनापासून आवडतात. पण अपूर्णता स्वीकारणं म्हणजे प्रत्यक्ष हातांनी काय करणं, हे क्वचितच कुणी सांगतं. गेगोंच्या कामात ते बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून हे प्रकरण.

श्टुटगार्ट ते काराकास

गेगोंचा जन्म 1 ऑगस्ट 1912 चा, हॅम्बुर्गमधल्या एका सुस्थित ज्यू कुटुंबातला. सात भावंडांतल्या त्या सहाव्या. मध्ययुगीन कलेचे नामवंत इतिहासकार आडोल्फ गोल्डश्मिट हे त्यांचे काका. श्टुटगार्टमध्ये त्या पाउल बोनात्स यांच्या हाताखाली शिकल्या. शहराचं मुख्य रेल्वे स्थानक बोनात्स यांचंच. श्टुटगार्टची शिकवण बांधकामाच्या बाजूने झुकलेली होती. रेघ मारताना ती भिंत होणार, तुळई होणार, तिचं वजन कुठेतरी उतरणार, हे विद्यार्थ्याने विसरायचं नाही.

1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. गेगोंना पदविका मिळाली 1938 च्या शेवटी आणि पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. जिथला व्हिसा मिळाला तो देश व्हेनेझुएला. घराला कुलूप लावून किल्ली हॅम्बुर्गच्या आल्स्टर नदीच्या पाण्यात टाकली, ही त्यांची आठवण त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक सगळे सांगतात. त्यावरून त्यांच्या जाळ्यांचा अर्थ निर्वासितपणाशी जोडणं फार सोपं आहे. मी ती वाट धरत नाही. त्या दुःखाचं मोल कमी नाही, पण तारेचा सांधा 1939 मध्ये ढिला झालेला नाही. तो ढिला व्हायला तीस वर्षं लागली, आणि मधल्या काळातली कामं त्याच्या उलट दिशेची आहेत.

काराकासमध्ये त्यांनी वास्तुविशारद म्हणून कामं केली, घरं आखली. एर्न्स्ट गुन्झ यांच्याशी लग्न झाल्यावर चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला फर्निचर आणि दिव्यांची एक कार्यशाळाही चालवली. दोन मुलं झाल्यावर ती बंद केली. माझ्या दृष्टीने हा काळ चरित्रात जेवढी जागा मिळते त्याहून महत्त्वाचा आहे. लाकडी खुर्चीचा सांधा घराच्या नकाशात दिसत नाही. तो सुताराच्या हातात असतो, आणि खुर्ची किती वर्षं टिकणार हे तोच ठरवतो. गेगो आता त्या सांध्याच्या शेजारी उभ्या होत्या.

1951 मध्ये त्या गुन्झ यांच्यापासून वेगळ्या झाल्या. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी चित्रकार आणि ग्राफिक डिझायनर गेर्ड लॉयफर्ट यांच्या सोबतीने काढलं. काही वर्षं दोघं तार्मा या लहानशा गावात राहिले आणि तिथे गेगोंनी जलरंग, मोनोटाइप (एकच प्रत निघणारी छापचित्रं), लाकडी ठशांची चित्रं केली. वास्तुविशारद म्हणून घेतलेल्या कामांपासून त्या दूर गेल्या त्या तिथे. त्रिमितीत त्या शिरल्या काराकासला परतल्यावर, पंचेचाळिशीच्या आसपास. अलेहांद्रो ओतेरो आणि हेसूस राफाएल सोतो या दोन व्हेनेझुएलन कलावंतांनी त्यांना त्या दिशेने ढकललं.

समांतर दांडे

या काळातलं सगळ्यांत परिचित काम म्हणजे 1959 चा 'गोल', पितळ आणि पोलादाचा, वेल्ड केलेला, रंगवलेला, व्यास सुमारे 55 सेंटीमीटर. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो पुढच्याच वर्षी विकत घेतला. समांतर दांड्यांच्या रांगा वेगवेगळ्या कोनांत एकमेकींवरून जातात. बघणारा हलला की रांगा एकमेकींवर सरकतात आणि लाटा उठल्यासारखं वाटतं, वस्तू मात्र जागची हलत नाही. त्याच वर्षी व्हेनेझुएलन कलावंत कार्लोस क्रूस-दिएस यांनी गेगोंच्या या कामांवर एक छोटी फिल्मही केली.

पन्नास-साठच्या दशकांत व्हेनेझुएलात तेलाचा पैसा होता आणि नवं शहर उभं राहत होतं. वास्तुविशारद कार्लोस राउल विय्यानुएवा यांचं काराकासमधलं विद्यापीठ संकुल त्याची खूण. सोतो, क्रूस-दिएस, ओतेरो यांची गतिशील कला, म्हणजे हलणारी किंवा हलल्याचा भास देणारी कला, त्या शहराशी जुळणारी होती : स्वच्छ, औद्योगिक, गणिती. गेगोही त्याच मंडळींत वावरत होत्या. 1958 पासून 1967 पर्यंत त्या मध्यवर्ती विद्यापीठाच्या वास्तुकला विभागात शिकवत होत्या, आणि 1964 पासून 1977 पर्यंत नॉयमान डिझाइन संस्थेत. बँकेच्या इमारतीसाठी मोठं धातूचं कामही त्यांनी केलं.

अशा कामात चूक कशी दिसते, ते बघितलं पाहिजे. पन्नास दांडे समान अंतराने लावलेले आहेत. त्यातला एक दोन मिलिमीटर सरकला तर उरलेल्या एकोणपन्नासांकडे कुणाचं लक्ष जात नाही, नजर त्या एकावरच अडते. समांतर रेषा ही दोष लगेच उघडा पाडणारी रचना आहे. म्हणून ती फॅब्रिकेटरकडे जाते, वेल्डिंग लागतं, दांडे जागच्या जागी धरणारा साचा म्हणजे जिग लागतो, मोजमापांचा कागद लागतो. विचार करणारा हात आणि करणारा हात वेगळे पडतात. इमारतीत आपण हे गृहीतच धरतो. वर्किंग ड्रॉइंग इकडे, साइट तिकडे, आणि दोघांमधलं अंतर शक्य तितकं शून्यावर आणायचं.

इमारतीत मात्र आपण एक गोष्ट आणखी करतो. खिडकीची चौकट बसणार ती जागा चौकटीपेक्षा थोडी मोठी ठेवतो, कारण गवंड्याचा हात आणि सुताराचा हात तंतोतंत जुळणार नाहीत हे आपल्याला माहीत असतं. लांब इमारतीत मधे फट सोडतो, कारण उन्हाने काँक्रीट वाढतं. अशा मुद्दाम सोडलेल्या सवलतीला मी इथे टॉलरन्स म्हणतो. चांगला वास्तुविशारद टॉलरन्स आधीच काढून ठेवतो; तो कुठे असावा हे ठरवणं त्याच्या कौशल्याचा भाग असतं. समांतर दांड्यांच्या कामात टॉलरन्स जवळजवळ नाही. माझं म्हणणं असं की गेगोंनी 1969 मध्ये टॉलरन्स वाढवला, आणि तो इतका वाढवला की तेच काम झालं. त्या वास्तुकलेपासून दूर गेल्या असं सहसा सांगितलं जातं. मला तर त्या तिच्या सगळ्यांत कमी बोलल्या जाणाऱ्या भागात अधिक खोल उतरलेल्या दिसतात.

हे एका दिवसात झालं नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी छापचित्रं भरपूर केली. अमेरिकेतल्या आयोवात मॉरिसिओ लासान्स्की यांच्या छापखान्यात, आणि 1963 व 1966 मध्ये लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड लिथोग्राफी (दगडावर चित्र काढून छापण्याच्या) कार्यशाळेत त्या काम करत होत्या. त्यांच्या टिपणांत एक नोंद आहे : दोन रेषांच्या मधली जागा कधी कधी रेषेइतकीच महत्त्वाची असते, हे आपल्याला सापडलं. लिथोग्राफच्या दगडावर रेघ मारायची सोडून दिली तर तिथे कागद पांढरा उरतो आणि तोच रेघेसारखा उठून दिसतो. बांधलेल्या वस्तूइतकंच न बांधलेलं काम करतं, हे वास्तुविशारदाला नवं नाही, आपण सगळे खोलीच देतो, भिंत देत नाही. पण दांड्यांच्या शिल्पात ही मधली जागा धातूच्या शिस्तीत अडकून पडत होती. जाळीत ती सुटली.

जाळी कशी उभी राहते

इथे जरा भूमितीत शिरू, कारण गेगोंची अपूर्णता भूमितीच्या आधाराने चालते.

चार दांडे टोकांशी सैल जोडून चौकोन केला तर तो एका बाजूला लवंडतो. तीन दांडे जोडून त्रिकोण केला तर सांधा कितीही सैल असला तरी आकार बदलत नाही, कारण बाजूंच्या लांब्या ठरल्या की कोन ठरतात. छतांचे ट्रस म्हणून तर त्रिकोणांचे असतात. आता हे त्रिकोण एकमेकांना जोडत जाऊ. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा. एका बिंदूभोवती असे सहा त्रिकोण आले की 360 अंश भरतात आणि जाळी सपाट पडते. पाचच आले तर 300 अंश भरतात, जाळी वर उचलली जाते, घुमट व्हायला लागते. सात आले तर जागा कमी पडते आणि कड झालरीसारखी वळते. अमेरिकन संरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचे त्रिकोणी दांड्यांचे घुमट या हिशेबावर उभे आहेत, पण त्यांत दांडे नेमक्या लांबीचे आणि सांधे ठरीव.

गेगोंच्या जाळीत दांड्याच्या जागी तार आहे आणि तिची लांबी सगळीकडे एकसारखी नाही. कुठे सहा तारा भेटतात, कुठे कमी, कुठे जास्त. जाळी टांगलेली असल्यामुळे वजन खाली ओढतं आणि पृष्ठभाग जागोजागी वेगळा वागतो. त्रिकोण आकार सोडत नाही, त्यामुळे जाळी कापडासारखी चुरगळत नाही. सांधा हलतो, त्यामुळे ती घुमटासारखी ताठही होत नाही. दोहोंच्या मधली एक अवस्था, जी कागदावर आधी काढता येणार नाही. ती टांगूनच बघावी लागते, एक गाठ सोडावी लागते, दुसरीकडे अडकवावी लागते.

आपल्याकडे स्लॅबच्या सळ्या बांधणारा कारागीर आकडीने बाइंडिंग वायरला दोन पीळ देतो आणि पुढे सरकतो. त्याचा प्रत्येक पीळ वेगळा असतो आणि काँक्रीट पडल्यावर तो कुणाला दिसतही नाही. गेगोंनी हा पीळ उघडा ठेवला, त्यावर दुसरं काहीच ओतलं नाही.

चूक म्हणजे काय, हे आता बदलतं. समांतर दांड्यांत एक दांडा तिरका गेला तर ती चूक. जाळीत एक तार लांब झाली तर शेजारची चार टोकं थोडी सरकतात, पृष्ठभाग तिथे किंचित फुगतो, आणि दोष वाटून घेतला जातो. तो नाहीसा होत नाही, जाळीच्या चालीत मिसळतो. माझ्या मते 'अपूर्णता स्वीकारणं' याचा सगळ्यांत नेमका अर्थ हाच : रचना अशी निवडायची की एका ठिकाणचा फरक सगळ्या रचनेने सोसावा. नुसतं खडबडीत ठेवणं म्हणजे ते नाही. जाड पेस्टचा कॅनव्हास कितीही उंचसखल असला, तरी त्यातला एक ओरखडा काढून दुसरीकडे नेला तर बाकीच्या चित्राला काही फरक पडत नसेल, तर तो ओरखडा सजावट आहे. तपासून बघायला ही कसोटी मला उपयोगी वाटते.

मजकूर लिहिताना माझ्या मनात सारखं येतं की या कामासाठी लागणारं साहस आपण कमी लेखतो. ज्या शहरात शेजारचे सगळे कलावंत कारखान्यातून गुळगुळीत, लखलखीत वस्तू करून घेत आहेत आणि त्यांचं जगभर कौतुक होत आहे, तिथे एका वास्तुविशारद बाईंनी हाताने वळवलेल्या तारांची, जरा वाकडी, जरा लोंबती जाळी संग्रहालयात लावायची. संग्रहालयाचे संचालक मिगेल आरोयो यांनी त्यांना ती खोली दिली, त्यांचाही त्यात वाटा आहे. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्येही जाळीचं एक रूप मांडलं गेलं. प्रत्येक वेळी ती वेगळी झाली, कारण खोली वेगळी होती.

स्वतःच्या टिपणांत त्यांनी शिल्पाची व्याख्या केली आहे : भरीव पदार्थाचे त्रिमित आकार. आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की आपण हे कधीच करत नाही. शिल्पकार म्हणवून घ्यायला त्यांचा हा नकार मला अगदी योग्य वाटतो. वास्तुकलेतून आलेली व्यक्ती पोकळीला आकार देते. तिच्याभोवती काय उभं केलं हा नंतरचा प्रश्न.

कागद सोडल्यावर

पुढची वर्षं सरळ रेषेत गेली नाहीत. 1970–71 मध्ये त्यांनी 'चोर्रोस' ही मालिका केली, लांब तारांचे खाली कोसळणारे झोत. 'चौकोनी रेतिकुलारेआ'त त्या मुद्दाम त्या लवंडणाऱ्या चौकोनाकडे वळल्या. सत्तरच्या दशकात 'त्रोंकोस', म्हणजे बुंधे, आणि 'गोल' पुन्हा, पण आता जाळीचे. मोठ्या इमारतींसाठीची कामंही चालू होती. 1972 मध्ये काराकासच्या पार्के सेंत्राल संकुलासाठी त्यांनी नायलॉनच्या दोऱ्यांचं काम केलं. 1979 मध्ये त्यांना देशाचा दृश्यकलेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती 1976 पासून 1988 पर्यंत चाललेली मालिका : 'कागदाविना रेखाटनं'. तारेचे तुकडे, आधीच्या कामांतून उरलेली जाळी, स्प्रिंग, स्क्रू, प्लॅस्टिकची नळी, गंजका पत्रा. हातापेक्षा थोडी मोठी अशी रचना भिंतीपासून थोडी पुढे लोंबते आणि तिची सावली भिंतीवर दुसरी रेघ काढते. दिवा सरकवला की दुसरी रेघ सरकते, पहिली राहते. रेखाटनातला कागद काढून टाकला आणि त्याच्या जागी भिंत, हवा आणि उजेड आला.

या कामांची शीर्षकं बघावीत : 'कागदाविना रेखाटन 76/4', '85/19'. वर्ष आणि क्रमांक. वास्तुविशारदाच्या कार्यालयात ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात असतो तसा. कागद गेला, मोजपट्टी गेली, टी-स्क्वेअर गेला, पण ड्रॉइंग क्रमांक राहिला. हे मी फार महत्त्वाचं मानतो. गेगोंची शिस्त कुठे गेली असं विचारलं, तर उत्तर इथे आहे. ती वस्तूच्या कडेवरून उठून तिच्या नोंदीत, पुन्हा पुन्हा करून बघण्यात, हाताच्या सवयीत जाऊन बसली. ढिलेपणा आणि गबाळेपणा यांतला फरक या क्रमांकांत दिसतो.

1987 नंतर 'बिचितोस' आले, म्हणजे लहान किडे, कचऱ्यातून केलेले. आणि 1988 पासून 1991 पर्यंत, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, 'तेहेदुरास' : मासिकांच्या रंगीत कागदांच्या आणि सिगारेटच्या पाकिटातल्या सोनेरी कागदाच्या पट्ट्या कापून हाताने विणलेल्या छोट्या चटया. पोलाद पेलायची ताकद उरली नाही तेव्हा कागद परत आला, पण रेघ मारायला आला नाही, विणायला आला. कड वाकडी, पट्ट्यांची रुंदी कमीजास्त, आणि मासिकातल्या छायाचित्रांचे तुकडे उभ्या-आडव्या धाग्यांत वरखाली होतात. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लाकडी खुर्चीच्या सांध्याशेजारी उभी राहिलेली बाई इथे मला ओळखू येते.

आपल्याकडचं एक नाव यानिमित्ताने आठवतं. नसरीन मोहम्मदी वास्तुविशारद नव्हत्या, पण ड्राफ्टिंग टेबल आणि आखणीची साधनं घेऊन त्या पेन्सिल-शाईच्या रेषा काढत. बडोद्यात त्यांनी शिकवलं, 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. शेवटच्या वर्षांत आजाराने हातावरचा ताबा सुटत चालला होता आणि रेषा मात्र अधिकाधिक काटेकोर होत गेल्या. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2010 मध्ये रेषेवर भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनात गेगो आणि नसरीन दोघींची कामं होती. एकीने वास्तुकला शिकून ड्राफ्टिंग टेबल सोडलं, दुसरीने ती न शिकता तेच टेबल आपलं केलं. कुणाचा मार्ग बरोबर असा प्रश्नच उद्भवत नाही. पण अपूर्णतेला एकच वाट आहे असं समजणाऱ्यांनी दोघींची कामं शेजारी ठेवून बघावीत.

हात गेल्यावर

गेगोंचं निधन 17 सप्टेंबर 1994 ला काराकासमध्ये झालं. त्याच वर्षी त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. त्यानंतर त्यांच्या कामांना युरोप-अमेरिकेत मोठी जागा मिळाली. 2022 मध्ये श्टुटगार्टच्या कला संग्रहालयाने त्यांच्यावर प्रदर्शन केलं, त्याच शहरात जिथून पदविका घेतल्यावर पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला होता. त्याच्या शीर्षकात 'वास्तुकला' हा शब्द होता. 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइममध्ये आणि नंतर बिल्बाओमध्ये त्यांचं मोठं सिंहावलोकन झालं.

आणि इथे ढिल्या सांध्याची किंमत समोर येते, जी या प्रकरणात लपवून चालणार नाही. वेल्ड केलेला 'गोल' पेटीत घालून कुठेही नेता येतो, उघडला की तोच असतो. जाळी खाली उतरवली, घडी घातली, पुन्हा टांगली, की ती तीच राहत नाही. तारा थकतात, फास सरकतात, गंज चढतो. रेतिकुलारेआला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून काराकासच्या राष्ट्रीय कलादालनात स्वतःची खोली मिळाली होती, पण मांडणीचा खरा नकाशा गेगोंच्या हातात आणि डोळ्यांत होता. जुनी छायाचित्रं आहेत, ती एका क्षणाची आहेत. ज्या कामात नकाशा नसणं हाच विचार होता, ते काम नकाशाशिवाय पुन्हा कसं उभं करायचं?

इथे दोन मतं संभवतात. पहिलं असं की एखादं वर्ष, समजा 1969, प्रमाण मानावं, त्या छायाचित्रांवरून प्रत्येक गाठीची जागा संगणकात टिपून घ्यावी आणि कायम तशीच मांडावी. संग्रहालयाला हे सोयीचं आहे आणि विम्यालाही. पण त्यात टॉलरन्स पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे जे सोडण्यासाठी एवढा प्रवास झाला तेच परत बसवायचं. दुसरं मत असं की संस्थेने काही माणसांना तारेच्या कामात तयार करावं आणि खोलीप्रमाणे त्यांना निर्णय घेऊ द्यावेत. मी या दुसऱ्या मताचा आहे, काही अटींसह. मोडलेल्या तारेच्या जागी नवी तार त्याच जाडीची आणि त्याच धातूची असावी. तिचं वर्ष वेगळं नोंदवावं, जसं गेगो आपल्या रेखाटनांचं नोंदवत. प्रत्येक मांडणीची छायाचित्रं ठेवावीत, पण पुढच्या मांडणीवर ती आदेश म्हणून लादू नयेत. टांगणाऱ्या माणसाला उद्घाटनाच्या आधी पुरेसे दिवस मिळावेत, कारण ही जाळी टांगूनच कळते. आणि फास सरकत असेल तर तो हातानेच पुन्हा वळवावा. डाग देऊन पक्का करू नये.